तारखांचा अध्याहार

थोरल्या काकांची पत्र्याची ट्रंक आमच्या घरी आली १९८८ साली. ती उघडली गेली मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात. मधल्या काळात ती माळ्यावर होती आणि तिच्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा ठेवलेला असे. अण्णा, म्हणजे माझे वडील, २०२२ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला दोन कामे सांगितली होती. एक विम्याच्या कागदांचे होते, ते मी आठवड्यात केले. दुसरे असे: 'ट्रंकेत आजोबांची कार्डे आहेत. बघ, त्यात अक्काची तिथी सापडते का.'

अक्का ही अण्णांची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी मुदतीच्या तापाने गेली. आजी श्रावणात एका दिवशी कुणाला काही न सांगता एक पान जास्त वाढत असे, ते गाईला जाई. तो दिवस कोणता, हे तिला कुणी विचारले नाही, आणि १९७१ साली ती गेली तेव्हा तिच्याबरोबर ते उत्तरही गेले. त्यानंतर अण्णा सर्वपित्री अमावास्येला अक्काचे पान वाढू लागले. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो दिवस असतोच. पण अण्णांना ते कधी मनापासून पटले नाही. 'आपली तिथी हरवली म्हणून तिला बेवारशांच्या पंगतीला बसवायचे का?' असे ते एकदा म्हणाले होते. अशी भाषा ते सहसा करत नसत, म्हणून ते लक्षात राहिले.

ट्रंकेत दोनशे बारा कार्डे आणि पाकिटे निघाली. काका १९४६ पासून पुण्यात शिकायला होते, पुढे तिथेच नोकरीला लागले. आलेले प्रत्येक पत्र त्यांनी जपले होते. अगदी अलीकडचे पत्र १९६७ चे. बहुतेक पत्रे आजोबांची, काही मामांची, काही काकांच्या मित्रांची. आजोबा कृष्णाकाठच्या एका लहान गावात राहत आणि तारीख लिहिण्याची त्यांची कोणतीही एक पद्धत नव्हती. कधी पूर्ण इंग्रजी तारीख, कधी नुसते 'डिसेंबर १९४७', कधी 'मार्ग. व. ७', कधी फक्त वार. मी ती सारी कालानुक्रमे लावायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी हात टेकले. प्रथम एक्सेलमध्ये टंकून पाहिले. तिथे 'पाच मार्च' एवढेच लिहिले तर यंत्राने न विचारता चालू वर्ष जोडले. मग माझ्या मुलीने, जी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, पायथनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहून देण्याचे कबूल केले. अट एकच: मी प्रत्येक कार्डावरचा तारखेचा मजकूर, जसा आहे तसा, इंग्रजीत एका रकान्यात भरायचा. तिथीचे काही करता येणार नाही, तेवढे वगळून वार, महिना, साल जे असेल ते भरावे.

या कामाला त्या क्षेत्रात 'पार्स' करणे म्हणतात. मराठीच्या अध्यापकाला हा शब्द परका वाटू नये. आमच्या शाळेत 'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा' असा प्रश्न असे, तेच हे. शब्दांची ओळ घ्यायची, प्रत्येक पद सुटे करायचे, त्याची जात आणि कार्य सांगायचे. '५ मार्च १९४८' या ओळीत पाच हा दिवस, मार्च हा महिना, उरले ते वर्ष, एवढे यंत्राला कळले की तारखेचे व्याकरण चालवून झाले.

१३ ऑगस्टला, रविवारी, तिने आज्ञावली चालवली आणि यादी माझ्या हाती दिली. ती वाचताना मला एक विलक्षण गोष्ट दिसली. आजोबांची पुष्कळशी पत्रे तेरा तारखेची होती! १३ डिसेंबर १९४७, १३ मार्च १९५०, १३ जून १९५१. मोजली तर एकतीस भरली. आता वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला पुनरावृत्ती दिसली की त्याला अर्थ दिसतो, हा आमचा धंद्याचा रोग आहे. मी संध्याकाळपर्यंत एक उपपत्ती उभी केली: तेरा तारखेच्या आसपास गावात काही ठराविक घडत असावे, बाजार, पाटबंधाऱ्याच्या कारकुनाची फेरी, टपाल नेणाऱ्या माणसाची पाळी. एका स्नेह्यांना फोन करून ती सांगितलीही. 'ग्रामीण पत्रव्यवहाराची लय' असा शब्दप्रयोग मी त्या फोनवर केल्याचे मला आज आठवते आणि कान गरम होतात.

दोन दिवसांनी तिने काही दुरुस्त्या करून आज्ञावली पुन्हा चालवली. आजोबांची तीच एकतीस पत्रे आता पंधरा तारखेची झाली होती.

काय झाले होते ते तिने समजावून सांगितले. तिने 'डेटयुटिल' नावाचे, पायथनमध्ये सर्रास वापरले जाणारे तयार साहित्य घेतले होते. त्याची रीत अशी की, मजकुरात तारखेचा जो अवयव नसेल तो चालू दिवसाकडून उसना घ्यायचा. 'डिसेंबर १९४७' दिले आणि आज तेरा तारीख असली, तर उत्तर १३ डिसेंबर १९४७. नुसते '१९५२' दिले आणि आज १३ ऑगस्ट असला, तर १३ ऑगस्ट १९५२. आज एकतीस असेल आणि मजकुरात 'फेब्रुवारी १९४८' असेल, तर यंत्र सौजन्याने त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर, एकोणतीसवर, थांबते. ते अडखळत नाही, प्रश्नचिन्ह टाकत नाही, चूक झाली असे म्हणत नाही. माहीत असलेली तारीख आणि भरून काढलेली तारीख ही दोन्ही उत्तरे एकाच चेहऱ्याची असतात. सर्वांत मजेदार ती कार्डे, ज्यांवर मी फक्त वार भरला होता. 'शुक्रवार' एवढेच मिळाल्यावर यंत्राने येणारा शुक्रवार धरला. म्हणजे माझ्या आजोबांनी, जे १९६८ साली वारले, एक पोस्टकार्ड १८ ऑगस्ट २०२३ रोजी, अजून तीन दिवसांनी, लिहिले होते.

आपल्या व्याकरणात यासाठी फार चांगला शब्द आहे: अध्याहार. 'कुठे चाललास?' या प्रश्नाला 'बाजारात' एवढे उत्तर आले तर 'मी' आणि 'चाललो' ही पदे अध्याहृत आहेत असे आपण म्हणतो. ती उच्चारलेली नाहीत, पण वाक्याला त्यांची अपेक्षा आहे. जुन्या शास्त्रकारांनी तिला आकांक्षा म्हटले आहे. मात्र अध्याहाराला शिस्त असते. गाळलेले पद हे बोलणाऱ्याच्या संदर्भातून घ्यायचे असते, वाचणाऱ्याच्या नव्हे. 'बाजारात' हा शब्द मी आज वाचला म्हणून त्यात माझा आजचा बाजार येत नाही. डेटयुटिल अध्याहार करते, पण वाचणाऱ्याच्या खिशातून. मला त्याचा रागही धरवेना, कारण जुन्या कवितेवर आजचे मन भरून टाकणारी कितीतरी समीक्षा मी वाचली आहे, थोडी लिहिलीही आहे.

पायथनमध्ये मूळचीच एक दुसरी रीत आहे, 'स्ट्रपटाइम' नावाची. ती आजकडून उसने घेत नाही. तिने सगळ्या गाळलेल्या जागांसाठी एकच दिवस कायमचा नेमून ठेवला आहे: १ जानेवारी १९००. वर्ष नसेल तर १९००, महिना नसेल तर जानेवारी, दिवस नसेल तर एक. यात निदान सातत्य आहे, रोज उत्तर बदलत नाही. पण १९०० हे लीप वर्ष नव्हते. त्यामुळे साल न देता 'एकोणतीस फेब्रुवारी' वाचायला सांगितले तर अशी तारीखच नसते म्हणून ती रीत नकार देते. जन्मदिवस कुणाचा खराच एकोणतीस फेब्रुवारीचा असला तरी त्याला अस्तित्व नाही. २०२४ साली आलेल्या पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून वर्षाविना दिवस वाचायला लावला तर आधी ताकीद मिळते, एवढी सुधारणा झाली आहे.

हे ऐकताना मला हसू आले, कारण नेमून ठेवलेल्या तारखेचा हा प्रकार मी जन्मापासून पाहत आलो आहे. आमच्या महाराष्ट्रात तिला १ जून म्हणतात. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कुणालाही जन्मतारीख विचारा, दर काही माणसांमागे एक जण १ जूनचा निघेल. आई शाळेत मुलाला घेऊन येई, 'मार्गशीर्षात झाला, मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी' असे सांगे, आणि गुरुजी जूनमध्ये उघडणाऱ्या शाळेत मुलाला सहा पुरी झाली आहेत हे दाखवण्यासाठी १ जून लिहून मोकळे होत. अण्णांचा जन्म शके १८६३ च्या मार्गशीर्षातला, म्हणजे १९४१ ची अखेर. दाखल्यावर १ जून १९४१. त्यांनी जन्मभर प्राथमिक शिक्षकाची नोकरी केली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो या नियमाने ३१ मे १९९९ रोजी ते घरी बसले. खऱ्या जन्मतारखेने पाहता सुमारे सहा महिन्यांचा पगार एका गुरुजींच्या अध्याहारात गेला. गंमत अशी की, स्वतः गुरुजी झाल्यावर अण्णांनीही कित्येक मुलांना १ जून वाटला. त्याबद्दल त्यांना विचारले तर म्हणत, 'रिकामा रकाना वर चालत नसे.'

रिकामा रकाना वर चालत नाही, हेच सगळ्याचे मूळ आहे. पूर्ण तारीख हा तीन कप्प्यांचा डबा आहे आणि यंत्राला तो भरलेलाच हवा असतो. वास्तविक अपुरी तारीख ही पूर्ण तारखेची मोडकी आवृत्ती नव्हे. ती स्वतंत्र जातीची वस्तू आहे. हे ज्यांनी ओळखले तेही आहेत. जावा या भाषेत २०१४ पासून 'इयरमंथ' म्हणजे नुसते वर्ष-महिना, आणि 'मंथडे' म्हणजे नुसता महिना-दिवस, अशा निराळ्या जाती आहेत. मायएसक्यूएलमध्ये, कडक नियम लावले नसतील तर, दिवसाच्या जागी शून्य ठेवता येते. शून्यावा दिवस कोणत्याच महिन्यात नसतो, त्यामुळे फसगत होत नाही.

आणि आपल्या घरातल्या रीती पाहिल्या तर हा जातिभेद तिथे केव्हापासूनच आहे. वर्षश्राद्धाला महिना, पक्ष आणि तिथी लागते. साल लागत नाही. पितृपक्षातल्या महालयाला नुसती तिथी पुरते. मृत्यू चैत्रातल्या पंचमीचा असो की माघातल्या, महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच. सोमवारच्या उपवासाला वार पुरतो. आणि काहीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री. प्रत्येक कर्म तारखेचा आपल्याला हवा तेवढाच अवयव मागते, आणि काहीच नसले तरी हाकलून देत नाही. फक्त सर्वपित्री ही त्या माणसाची तिथी आहे असा दावा कुणी करत नाही. अण्णांचे दुःख निराळे होते, पण हा फरक त्यांना नक्की पटला असता.

साहित्यात आणि इतिहासातही अपुऱ्या तारखाच फार. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शक आहे, १२१२. महिना नाही, तिथी नाही. आपण सवयीने त्याला इ.स. १२९० म्हणतो. पण तो शक १२९० च्या चैत्रात सुरू होऊन १२९१ च्या फाल्गुनात संपतो, म्हणजे शेवटचे काही आठवडे पुढच्या इसवी सनात जातात. यंत्राला '१२९०' दिले तर एका रीतीने टीका १ जानेवारीला पुरी होईल, जेव्हा मुळात शके १२१२ लागलेलाच नव्हता. पेशवाईतल्या पत्रांची तऱ्हा उलटी. तिथे 'छ' हे अक्षर, एक आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव एवढेच असते, साल पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. तिसरा कुणी दीडशे वर्षांनी वाचील ही त्यांची कल्पना नव्हती. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातली पत्रे छापली, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ भाग संपादले. या माणसांचे निम्मे आयुष्य गाळलेली साले भरण्यात गेले असावे. ते कसे भरत? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. पत्रात रमजान आहे आणि नदीला पूरही आहे, म्हणजे मधली पुष्कळ वर्षे बाद. त्यात वार दिला असेल तर आणखी बाद. एखाद्या सरदाराचा मुक्काम कळला तर एक वर्ष उरते. असे उरलेले साल संपादक चौकटी कंसात घालतो, कारण ते पत्राचे नसून त्याचे आहे. डेटयुटिलकडे नाही तो हा कंस.

वाराबद्दल दोन शब्द. आपल्या जुन्या ताम्रपटांत आणि पत्रांत तिथीबरोबर वार लिहितात तो मला पूर्वी फापटपसारा वाटे. तिथी दिली की वार निघतोच, मग कशाला? पण जे दुसऱ्यावरून निघते तेच ताळ्यासाठी उपयोगी पडते. तिथी, महिना, शक आणि वार यांचा मेळ बसला नाही तर कुठेतरी चूक आहे किंवा लेख बनावट आहे. आणि एखादा अवयव गळला असेल तर उरलेल्यांवरून तो शोधता येतो.

पंधरा ऑगस्टला सकाळी कॉलेजात ध्वजवंदन करून घरी आलो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आईने गॅस सिलिंडरची तारीख लिहायला पेन मागितले, म्हणून मी तिच्यासमोर उभा राहिलो. त्या चौकटीत लिहिले होते: अधिक श्रावण वद्य १४. हे शब्द मी अलीकडे कुठेतरी वाचले होते. कुठे, ते आठवायला चहा पूर्ण व्हावा लागला. येत्या शुक्रवारी लिहिल्या जाणाऱ्या त्या कार्डावर.

ते कार्ड काढले. आजोबांचे अक्षर, वर कोपऱ्यात 'अधिक श्रावण व. १४, शुक्रवार'. साल नाही. टपालाचा शिक्का पुसट काळे वर्तुळ. मजकूर सहा ओळींचा: अनेक आशीर्वाद, अक्काचा ताप उतरत नाही, आज अकरावा दिवस, वैद्य मुदतीचा म्हणतात, पुण्यात मोसंबी मिळाली तर येणाऱ्या माणसाबरोबर धाडावी, तू अभ्यास सोडून येऊ नकोस.

इथे अधिक महिना कामाला आला. तो रोज येत नाही, आणि श्रावणच अधिक व्हावा हे त्याहून क्वचित. दाते पंचांगाचे जुने अंक आमच्या गावच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे आहेत; तिथे बसून पाहिले. कार्डांच्या काळात श्रावण अधिक होता तो १९३९, १९४७, १९५८ आणि १९६६ या चार साली. एकोणीस वर्षांनी चंद्र-सूर्याचा मेळ जवळपास पूर्ववत होतो, म्हणून १९४७ चा अधिक श्रावण १९६६ ला आला, आणि तसाच पुढे २०२३ लाही. आता वद्य चतुर्दशीचा वार: १९३९ साली सोमवार, १९५८ साली गुरुवार, १९६६ साली पुन्हा सोमवार. शुक्रवार फक्त १९४७ साली. कार्डावरचे छापील तिकीटही राजाच्या मुखवट्याचे होते, ते मी नंतर पाहिले. आधी पाहायला हवे होते.

ती तारीख १५ ऑगस्ट १९४७.

मी वर्गात वर्षानुवर्षे 'स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्य' शिकवतो. त्या कालखंडाची रेघ ज्या दिवसावरून जाते त्या दिवशी माझ्या आजोबांनी मोसंब्यांबद्दल लिहिले होते, आणि दिवसाचे नाव त्यांच्यासाठी अधिक श्रावण वद्य चतुर्दशी एवढेच होते. त्यावर मी काही भाष्य करणार नाही; तेरा तारखेच्या उपपत्तीने मला शहाणे केले आहे. पण एक आठवण जुळली ती सांगितली पाहिजे. अण्णा म्हणत की, अक्का आजारी असताना शाळेत पेढा वाटला होता. तो मुठीत धरून ते पळत घरी आले आणि आजीने तो अक्काला देऊ दिला नाही, तापात चालत नाही म्हणून. तो पेढा कुणी खाल्ला हे त्यांना आठवत नसे. आम्ही हे ऐकून घेत असू, पण खरे धरत नसू. लहान मुलाच्या आठवणीत दोन दिवस एकत्र शिवले जातात असे मीच त्यांना एकदा समजावले होते. ते गप्प बसले होते.

दरम्यान मुलीने यादी दुरुस्त केली. तिची युक्ती मला फार आवडली. डेटयुटिलला गाळलेल्या जागा भरण्यासाठी आपण हवा तो दिवस नेमून देऊ शकतो. तिने प्रत्येक मजकूर दोनदा वाचायला लावला, एकदा एक तारीख नेमून, दुसऱ्यांदा साल, महिना आणि दिवस हे तिन्ही निराळे असलेली दुसरी नेमून. दोन्ही उत्तरांत जे तसेच राहिले ते कार्डाचे. जे बदलले ते यंत्राने घातलेले. ही तर पाठचिकित्सा झाली! भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या अशाच शेजारी ठेवून वाचल्या गेल्या: सगळीकडे समान ते बहुधा मूळचे, पोथीगणिक बदलते ते संशयित. तिला हे सांगितले तर ती म्हणाली, 'बाबा, मी हे फक्त चूक पकडायला केले.' त्यांनीही त्यासाठीच केले होते.

पण तारीख साठवायची कशी हा प्रश्न उरला. त्यासाठीही सोय आहे असे तिने शोधून काढले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ग्रंथालये आणि दप्तरखाने यांच्यासाठी तारखा लिहिण्याची एक विस्तारित पद्धत तयार केली, आणि २०१९ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा, आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागाचा, हिस्सा झाली आहे. तिच्यात न कळलेल्या अंकाच्या जागी 'एक्स' घालतात. संशय असेल तर प्रश्नचिन्ह, अंदाज असेल तर नागमोडी रेघ. आणि दोन-तीन शक्यतांपैकी एकच खरी आहे पण कोणती ते ठाऊक नाही, असे असेल तर त्या सगळ्या चौकटी कंसात लिहितात. तो कंस पाहून मला राजवाडे भेटल्यासारखे झाले.

त्या कंसाची गरज आम्हाला लगेच लागली. अक्का गेल्याचे कार्ड त्याच गठ्ठ्यात होते. त्यावर तारीख नाही, तिथी नाही. 'अक्का सोमवारी पहाटे गेली. नदीला पाणी आहे, तू निघू नकोस. आईला सांभाळतो आहे.' एवढेच. पुण्याला पोचल्याचा शिक्का आहे. त्यात ऑगस्ट आणि ४७ वाचता येते, दिवसाचा पहिला अंक दोन आहे आणि दुसरा शाईत बुडाला आहे. भिंग लावून पाहिले, फोटो काढून मोठा करून पाहिला, उजेड मागून धरून पाहिला. पंधरा ऑगस्टनंतर त्या महिन्यात सोमवार दोनच: अठरा आणि पंचवीस. अठराला निज श्रावण शुद्ध द्वितीया, पंचविसाला शुद्ध नवमी. अठराची बातमी पूर आलेला असताना विसाच्या पुढे पुण्याला पोचणे शक्य आहे. पंचविसाची तर नक्कीच. अण्णा सांगत की, त्या वर्षी नागपंचमीला दारात झोका बांधला नव्हता. ती पंचमी एकवीस ऑगस्टची. पण घरात अकरा दिवसांचा ताप असताना तशीही कुणी झोका बांधला नसता. मुदतीचा ताप एकवीस दिवसांचा धरतात, त्या हिशेबाने पंचवीस. हिशेबाप्रमाणे माणसे जात नाहीत, त्या हिशेबाने काहीच नाही.

मुलीने विचारले, 'रकान्यात काय घालू?' मी म्हटले, दोन्ही, कंसात. तिने तसे घातले. क्रम लावताना यंत्र पहिली तारीख धरते आणि ते कार्ड शिक्क्याच्या जागी, मोसंब्यांच्या कार्डानंतर लगेच येते.

आईला हे सगळे सांगितले. तिने ट्रंकेतली दोन्ही कार्डे हातात घेऊन पाहिली, चष्मा नव्हता म्हणून नुसतीच पाहिली. मग म्हणाली, 'तुझ्या आजीने त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा घेतले नसायचे. पण तो नागपंचमीच्या आधीचा की नंतरचा, हे मला सांगता यायचे नाही. मी या घरात आल्यावर ती एकच श्रावण होती.' थोड्या वेळाने तिने विचारले की द्वितीया आणि नवमी, दोन्ही दिवशी पान वाढायला काही हरकत आहे का. मी म्हटले, विचारून सांगतो. कुणाला विचारायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही. तोवर तिने दोन्ही चौकटींत पेनने एक एक बारीक गोल करून ठेवला आहे.